जुन्या सागवानी पलंगातून ढेकूण आलेत, नवरात्रात पाहुणे यायचेत. काय करू?

समारोडवरची

बडोद्यातल्या कुणाला अनुभव असेल तर सांगा, बाहेरच्यांनी सांगितलं तरी चालेल. घरात ढेकूण झालेत. लिहितानाच कसंतरी होतंय, पण इथे मला कुणी ओळखत नाही म्हणून लिहिते.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरचा प्लायवूडचा बेड, सोफा, कपाटांचे खालचे खण सगळं फुगून वाया गेलं. भिंती, वायरिंग, फ्रिज यातच पैसे संपले. मग ह्यांनी वाडीतल्या एका जुन्या घरातून सागवानी पलंग आणला. ते घर पाडायला काढलं होतं, सामान विकत होते. पलंग खरंच देखणा आहे, डोक्याकडच्या फळीवर कोरीव वेलबुट्टी, पाय हाताच्या मनगटाहून जाड. सासऱ्यांनी बघता क्षणी आपल्या खोलीत घालून घेतला.

मुलगी सातवीत आहे, ती आजोबांजवळ झोपते. उन्हाळ्यापासून तिच्या दंडावर आणि पाठीवर ओळीने लाल गांधी उठायला लागल्या. आधी डास म्हणून कॉइल लावली, मच्छरदाणी लावली. डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. सासरे म्हणतात, "त्याच पलंगावर मी झोपतो, मला तर काही चावत नाही." त्यामुळे पलंगाकडे कुणाचं लक्षच नाही गेलं. परवा पांढरी चादर बदलताना उशीखाली तपकिरी ठिपके दिसले. गादीची कड उलटी केली, मोबाइलची बॅटरी मारली, तर गोटाच्या शिवणीत दाटीवाटीने बसलेले! चपटे, तपकिरी, मध्ये मध्ये पारदर्शक सालं पडलेली, आणि कापडावर कुणी काळं पेन टेकवून ठेवावं तसे डाग.

झुरळांचा स्प्रे होता तो मारला. काही मेले. गादी अगाशीवर उन्हात टाकली. आठवड्याने हॉलमधल्या हिंदोळ्यावर बसले होते तर मांडीखालून एक चालत गेला. म्हणजे आता हॉलमध्ये पण.

पलंग टाकून द्यायचा का? सासरे हात लावू देत नाहीत. पेस्ट कंट्रोलवाला फोनवर म्हणाला, एकदा मारतो, वर्षाची गॅरंटी. खरं असतं का हे? आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त छळतंय: नवरात्रात नाशिकहून नणंदबाई, त्यांचे मिस्टर आणि दोन मुलं गरब्याला येतात, आमच्याकडेच उतरतात. सासूबाई म्हणतात, चकार शब्द काढू नकोस, घराची शोभा होईल. मी काय करू?

फतेहगंज पीजी

ताई, टेन्शन नका घेऊ. वर्षाचा गहू भरतो त्यात ठेवायच्या गोळ्या येतात ना, त्या खोलीत ठेवायच्या, दार बंद, दोन दिवस दुसरीकडे राहायला जायचं. आमच्या इथल्या एका पोराने सांगितलंय, एका झटक्यात साफ होतात.

रेक्टरकाका

आधी वरच्या चिरंजीवांना: बाबा रे, हे कुणाला सांगू नकोस आणि स्वतः तर अजिबात करू नकोस. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. दार बंद केलं म्हणून तो खोलीत राहत नाही. दाराखालून, वायरच्या पाइपातून, भिंतीच्या भेगेतून शेजारच्या खोलीत जातो. त्याला उतारा नाही. ढेकणांसाठी म्हणून ह्या गोळ्या ठेवल्या आणि शेजारच्या घरातली मुलं गेली, असं आपल्या देशात घडलेलं आहे. ह्या गोळ्या किरकोळीत विकायला परवानगीच नाही. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीटकनाशकवाले सोडून कुणी वापरायच्या नाहीत. बाजारात मिळतात हा आपला ढिसाळपणा. जुन्या लोकांसारखं दिवेल (एरंडेल तेल) लावून गहू भरा, तो पण छान राहतो.

आता ताई तुमच्याकडे येतो. मी सयाजीगंजच्या बाजूला एका खासगी वसतिगृहाचा रेक्टर होतो, आयुष्य त्यातच गेलं. दर जूनला देशभरातून पोरं ट्रंका आणि वळकट्या घेऊन यायची आणि दिवाळीपर्यंत कुठल्या ना कुठल्या खोलीतून तक्रार यायचीच. त्यामुळे ह्या प्राण्याशी माझा संसार मोठा आहे.

सासऱ्यांना चावत नाहीत असं नाही. चावतात, पण अंगावर उठत नाही. चावल्याची खूण ही ज्याच्या त्याच्या शरीराची प्रतिक्रिया असते, कित्येकांना काहीच दिसत नाही, म्हाताऱ्या माणसांना तर बऱ्याचदा नाही. एका खोलीतले दोघे खाजवून बेजार आणि तिसरा म्हणतो "सर, हे नाटक करतात", हे मी दरसाल पाहिलंय. एक दिलासा घ्या: ढेकूण रोग पसरवतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. खाज, झोपमोड, खाजवून जखम चिघळणं, इतकंच. मुलीची नखं कापून ठेवा.

स्प्रेचं म्हणाल तर, डब्यातली बहुतेक औषधं एकाच कुळातली, पायरेथ्रॉइड. ढेकणांनी ती पचवायला केव्हाच सुरुवात केलीय. ह्यांचं हे जुनंच. १९५३ साली मलेरियासाठी सरकारने घरोघर डीडीटी मारायला घेतलं तेव्हा सुरुवातीला ढेकूण पण गेले, लोक खूश. काही वर्षांत ते डीडीटीला जुमानेनासे झाले. आज तुमच्या पलंगात आहेत ते त्यांचेच वंशज. तुम्ही फवारलं तेव्हा समोर दिसले तेवढे मेले, बाकीचे पांगले. हॉलमध्ये गेले ते त्यामुळे, किंवा मुलीच्या कपड्यांबरोबर. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही. तो चालतो, नाहीतर तुम्ही त्याला उचलून नेता.

उन्हात गादी टाकल्याने वरची बाजू तापते, ते खालच्या बाजूला सरकतात. रुईच्या जाड गादीच्या पोटात बडोद्याच्या मे महिन्याचं ऊन पण पुरेसं पोचत नाही.

माझं सगळं म्हणणं एका वाक्यात: औषध शेवटी, शोध आधी. ढेकूण कुठे कुठे आहेत हे ज्या घराला माहीत नाही, तिथे कितीही भारी औषध मारा, महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

पलंग टाकू नका. सागवान आहे, त्याला काही होत नाही. पण तो खोलला पाहिजे, पर्याय नाही. सुतार बोलवा, खोलीच्या बाहेर नेऊ नका, तिथेच जमिनीवर पांढरी चादर पसरून खोला. गज जिथे पायात बसतात त्या खाचा, फळ्यांच्या खालची बाजू, स्क्रूची भोकं, कोरीव कामाच्या मागचा भाग. ढेकणाला पातळ पुठ्ठा जाईल एवढी फट पुरते आणि त्याला पाठ आणि पोट दोन्हीकडून लाकूड टेकलेलं आवडतं. जुनं एटीएम कार्ड घ्या, फटीतून सावकाश ओढा, खाली साबणाच्या पाण्याची थाळी धरा. अंडी पांढरी, खसखशीच्या दाण्याएवढी, डिंकाने चिकटवल्यासारखी बसलेली असतात, ती झाडूने पडत नाहीत. त्यांना वाफ. कपडे इस्त्री करायचा हातातला स्टीमर मिळतो, त्याच्या तोंडाला फडकं बांधा म्हणजे फवाऱ्याने ढेकूण उडून जात नाहीत, आणि बोटभर बोटभर सरकवा. घाई केली तर वरचं लाकूड गरम होतं आणि फटीत बसलेला आरामात राहतो. ५५ अंशांच्या वर अंडं पण टिकत नाही, आणि वाफ त्याहून कितीतरी गरम असते. लाकूड पूर्ण वाळलं की खाचांमध्ये लांबी (पुट्टी) भरून घ्या.

आमच्या वसतिगृहात खाटा लोखंडी होत्या, तरी व्हायचे. बरीच वर्षं कळेना कुठे लपतात. एकदा खाट उभी केली तर पायाच्या पाइपाच्या उघड्या तोंडातून ओळीने बाहेर. मग सगळ्या पायांत उकळतं पाणी ओतलं आणि रबरी बुचं बसवली. सांगायचा मुद्दा, लाकूड-लोखंड असं काही नसतं, फट असली की झालं.

कपडे, चादरी, पडदे, मच्छरदाणीसुद्धा (तिच्या वरच्या पट्टीची शिवण बघा, हमखास असतात) खोलीतच पिशवीत भरा, गाठ मारा, मग मशीनपाशी न्या. गरम पाण्यावर, ६० अंश. धुता येत नाही ते, मुलीची कापडी बाहुली, वह्या, हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस. गादीला सगळीकडून बंद होणारं चेनवालं कव्हर घाला आणि वर्षभर काढू नका, कारण मोठा ढेकूण उपाशीपोटी महिनोन् महिने काढतो.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: खोली सोडून दुसरीकडे झोपायला जाऊ नका. माणूस नाहीसा झाला की ते शोधत निघतात. सासऱ्यांना त्याच खोलीत, त्याच पलंगावर झोपवा, पण पलंग भिंतीपासून वीतभर लांब, चादर जमिनीला टेकणार नाही, आणि प्रत्येक पायाखाली वाडग्यात साबणाचं पाणी. आपल्या गरम मुलखातली जात गुळगुळीत पृष्ठभागावर पण बऱ्यापैकी चढते, म्हणून नुसतं वाडगं नको, पाणी हवंच. रोज सकाळी बघा किती पडलेत. तोच तुमचा हिशोब.

पेस्ट कंट्रोलचं दुसरं कुणी सांगेल, मी दमलो टाइप करून.

मांजलपूरची माई

रेक्टरसाहेबांनी खोलीभर सांगितलं, मी हिंदोळ्याचं सांगते. ताई, हिंदोळा साधा सागाचा आहे का संखेड्याचा, लाखेच्या रंगकामाचा? संखेड्याचा असेल तर उकळतं पाणी आणि वाफ दोन्ही विसरा, लाखेचा रंग फुगतो, फिका पडतो, आणि मग सासरे तुम्हाला घरात घेणार नाहीत. पाट खाली उतरवून उपडा घाला. कडीचा खिळा जिथे लाकडात जातो ती चार भोकं आणि कठड्याच्या दांड्या जिथे बसवल्यात ती खालची भोकं बघा. जाड सुई आणि दात घासायचा जुना ब्रश पुरतो. मग त्या भोकांत मेण वितळवून बसवायचं. हिंदोळ्यावरची गादी मात्र सरळ धुवायला.

आमच्या लहानपणी दांडिया बाजारातल्या घरी दिवाळीआधी खाटा अंगणात आणून आपटायच्या आणि किटलीने सांध्यांत आधणाचं पाणी सोडायचं, हा घरातल्या बायकांचा ठरलेला दिवस असायचा. शेजारच्या बेन पण आपल्या खाटा घेऊन यायच्या. "मांकड थया छे" (ढेकूण झालेत) हे त्या ओट्यावरून ओरडून सांगायच्या, कुणाला लाज नव्हती. लाज ही आता फ्लॅटात आल्यापासूनची.

मी वेखंड आणि कडुनिंबाचा पाला पण ठेवते. रेक्टरसाहेब हसतील.

नणंदेला सांगा. तुम्ही नाही सांगितलं आणि तिच्या बॅगेतून दोन ढेकूण नाशिकला गेले तर ती जन्मभर बोलेल. आणि खरंच बोलेल.

रेक्टरकाका

हसत नाही माई. वेखंडाने ढेकूण मरत नाहीत, पण खोलीला वास चांगला येतो.

पंपवाला

मी हेच काम करतो, बडोद्यातच. आमच्या लाइनीतले लोक रागावतील पण सांगतो. एका फेरीत ढेकूण जात नाहीत. कारण अंड्यावर बहुतेक औषध चालत नाही, आणि अंडं ६ ते १० दिवसांत फुटतं. म्हणून दुसरी फेरी १०-१५ दिवसांनी पाहिजेच, जास्त असतील तर तिसरी. जो एका फेरीची गॅरंटी देतो त्याला विचारा, गॅरंटी म्हणजे काय, परत आल्यावर फुकट येणार का, आणि ते लिहून घ्या.

विचारायचं हे: परवाना आहे का, औषधाचं नाव काय, बाटली सीलबंद दाखवणार का. बिन-लेबलच्या कॅनमधून आणलेलं औषध मारू देऊ नका. डायक्लोरव्हॉसचा उग्र वास असतो, लोकांना वाटतं वास म्हणजे कडक औषध. त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कुणी सांगितलं "जुना स्टॉक आहे, एकदम पावरफुल" तर दारातूनच परत पाठवा.

धूर सोडणारा डबा पण नको, धूर फटीत जात नाही, ढेकूण मात्र शेजाऱ्याकडे जातो.

आम्ही यायच्या आधी पलंग खोललेला, सामान भिंतीपासून ओढलेलं, कपडे पिशव्यांत असलं तर काम निम्मं होतं. पलंगाच्या डोक्याकडचा स्विचबोर्ड दाखवा, त्याच्या मागे असतात, तिथे पाण्याचं औषध मारत नाहीत, पावडर मारतात. फोटोफ्रेमची मागची बाजू पण. फवारल्यावर सगळं वाळेपर्यंत मुलं, म्हातारे, पोपट, फिशटँक बाहेर. आणि नंतर आठ-दहा दिवस तिथली फरशी ओल्या पोछ्याने पुसू नका. आम्ही गेल्यावर बायका पहिलं काम तेच करतात, सगळं औषध बादलीत.

पहिल्या फेरीनंतर ढेकूण जास्त दिसले तर घाबरून फोन करू नका. औषध लागलेले दिवसा पण बाहेर फिरतात.

समारोडवरची

सगळ्यांचे आभार. हिंदोळा संखेड्याचाच आहे माई, तुम्ही वेळेवर सांगितलंत, मी किटली घेऊनच उभी होते.

स्विचबोर्ड उघडला. म्हणजे ह्यांनी मेन बंद करून उघडला. आत होते.

पलंगाचं मात्र घोडं अडलं होतं. सासरे म्हणाले, सुताराने एकदा खोलला की जुना सांधा परत तसा बसत नाही, तुम्ही माझ्या जिवावर उठलात. शेवटी मी सासूबाईंना न विचारता नणंदबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या ढेकणांवर काही बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, "बाबा पलंग खोलू देत नाहीत? फोन दे त्यांना." पाच मिनिटं नुसतं "हो... हो... अगं पण..." एवढंच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सासरे स्वतः सुताराशेजारी खुर्ची टाकून बसले आणि कुठला गज कुठल्या पायाचा ते खडूने लिहून ठेवायला लावलं. सासूबाई माझ्याशी अजून तुटक बोलतात, पण चादर त्यांनीच पसरली.

नणंदबाई ह्या वेळी कारेलीबागेत मावससासूबाईंकडे उतरणार आहेत. दिवसा मात्र इकडेच, जेवायला आणि तयारीला. घागऱ्यांच्या पिशव्या, मेकअपचं सामान सगळं घेऊन. आता सांगा, दिवसा आल्या तर त्यांच्याबरोबर काही जाईल का? आणि वाडग्यांत काल रात्रीचे चार पडले होते, दोन मोठे, दोन अगदी बारीक. बारीक म्हणजे नवीन अंडी फुटली का?

पंपवाला

बारीक म्हणजे हो, नुकते फुटलेले. रक्त प्यायल्याशिवाय ते वाढत नाहीत, मोठं व्हायला पाच वेळा कात टाकतात, दर वेळी आधी रक्त प्यावं लागतं. म्हणून ते वाडग्यात पडतायत हे चांगलं लक्षण. पहिली फेरी कधी झाली त्यावरून दुसरी तारीख धरा, घटस्थापनेच्या आधी बसवा. नंतर आम्हाला पण गरबा असतो.

रेक्टरकाका

दिवसा येऊ द्या. धोका बॅगेला, माणसाला कमी. पिशव्या सासऱ्यांच्या खोलीत आणि हिंदोळ्यावर ठेवू नका, मधल्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ठेवा, भिंतीला टेकणार नाहीत अशा. घागऱ्यांना मोठ्या झिपवाल्या पिशव्या द्या आणि बदलून झाले की लगेच बंद. टिकल्या-आरशांच्या कामात एखादा शिरला तर शोधायला दिवाळी उजाडेल. कारेलीबागेत परत गेल्यावर कापडी पिशव्या तिथे गरम पाण्यात टाकायला सांगा.

वाडगी काढू नका, नवरात्र झालं तरी. सहा-आठ आठवडे एकही पडला नाही, चादरीवर नवा डाग नाही आणि मुलीच्या अंगावर नवी गांधी नाही, मगच काढा. आणि पाणी रोज बदला, नाहीतर ढेकूण जाऊन डास होतील.